वानुआतूच्या बेटावर जोडीनं सेवेला जाताना

पॅसिफिक महासागरातल्या वानुआतू या द्वीपदेशातल्या एका दूरच्या बेटावरच्या प्रेस्बिटेरियन मंडळीनं तुम्हा दोघांना दोन वर्षांसाठी बोलावलं आहे. यजमान सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलेले, तुम्ही परिचारिका. तिथला दिवस कसा असतो, नेमकं काम काय करायचं असतं आणि दोघांच्या संसाराचं काय होतं, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत. तिसरा जरा संकोचून. मी आणि माझे यजमान त्या देशाच्या दक्षिणेकडच्या बेटांवर बरीच वर्षं राहिलो, आणि आता नव्यानं जाणाऱ्या जोडप्यांशी बोलायचं काम माझ्याकडे असतं. उत्तर लांबेल. संकोचू नका, पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरंसुद्धा शेवटी त्या तिसऱ्यापाशीच येतात.

आधी एक चित्र डोक्यातून काढा: शुभवर्तमान कधीच न ऐकलेलं गाव आणि किनाऱ्यावर उतरणारे तुम्ही दोघं. जॉन विल्यम्स या इंग्रज मिशनऱ्यानं सामोआच्या शिक्षकांना टान्ना बेटावर उतरवलं ते १८३९ साली. त्यानंतर लगेचच शेजारच्या एरोमांगोवर तो मारला गेला, आणि २००९ मध्ये दोन्ही बाजूंच्या वंशजांनी तिथेच येऊन समेटाचा विधी केला. म्हणजे या बेटांवर राहून सेवा करायला आलेले पहिले लोक पॅसिफिकमधलेच होते, युरोपातले नव्हते. पुस्तकांत मात्र त्यांची नावं शोधावी लागतात. १८४८ मध्ये जॉन आणि शार्लट गेडी हे जोडपं आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाहून अनेतियुम बेटावर पोचलं. तिथली प्रेस्बिटेरियन मंडळी १९४८ पासून आपला कारभार आपण पाहते. १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हाचे पहिले पंतप्रधान वॉल्टर लिनी हे अँग्लिकन याजक होते. देशाच्या ब्रीदवाक्यातच देवाचं नाव आहे. तेव्हा पाळक तिथलेच, वडील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे निवडलेले लोक, तिथलेच, स्त्रियांचा संघ तिथला आणि तो फार कर्तबगार. तुम्ही त्यांच्या हाताखाली जाताय. हे एक मनात नीट बसलं, तर पुढचं निम्मं पत्र तुम्ही वाचलं नाही तरी चालेल.

आता दिवस. तो उजाडायच्या आधी सुरू होतो. घंटा म्हणून पुष्कळ गावांत रिकामा गॅस सिलिंडर झाडाला टांगलेला असतो, त्यावर लोखंडाचा तुकडा मारतात. पहिल्या दिवशी दचकून उठाल. छोटी प्रार्थना होते, बाया अंगण झाडतात, मुलं शाळेकडे निघतात, आणि मग सगळं गाव वर डोंगरउतारावरच्या मळ्यांत जातं. सकाळी आठपासून दुपारी तीन-चारपर्यंत गावात म्हातारी माणसं, तान्ही बाळं आणि कोंबड्या. नव्या जोडप्याला हमखास वाटतं की आपल्याशी बोलायला कुणाला सवड नाही. सवड असते, ती मळ्यात असते. तुम्ही बायांबरोबर वर जायला लागा. याम या कंदाची आळी उकरताना दोन तासांत जी बिस्लामा भाषा तुमच्या कानावर पडेल, ती खोलीत पुस्तक घेऊन बसून आठवड्यात पडणार नाही. बिस्लामा सगळ्या देशाला जोडते, पण गावाची स्वतःची भाषा वेगळी असते. या एवढ्याशा देशात अशा शंभराहून अधिक भाषा आहेत. गावाची भाषा दोन वर्षांत येणार नाही. निदान नमस्कार, आभार आणि नात्यांचे शब्द तिच्यातले शिका.

घरकामाला किती वेळ जातो याचा अंदाज कुणालाच नसतो. जळण गोळा करा, चूल पेटवा, नारळ खवून दूध काढा, कपडे ओढ्यावर न्या. फ्रीज नाही, म्हणून शिजवलेलं त्याच दिवशी संपवायचं. सोलर पॅनलवर फोन आणि दिवे चालतात, ढगाळ आठवड्यात दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. गावातल्या दुकानात तांदूळ, डब्यातले मासे, साखर, नूडल्स. जहाज लांबलं की फळ्या रिकाम्या. पण उपाशी कुणी राहत नाही, कारण खरं अन्न मळ्यातलं आहे: याम, तारो, कसावा, केळी, बेटावरचा पाला. सकाळी दार उघडाल तर उंबऱ्यात केळ्यांचा घड ठेवलेला असेल, कुणी ठेवला ते सांगणार नाहीत. पैसे द्यायला जाऊ नका, तो अपमान होतो. कुणी ठेवला ते हळूच माहीत करून घ्या आणि पंधरा दिवसांनी त्यांच्या घरी काहीतरी पोचवा. लगेचच परत करणं हेही बरं दिसत नाही, हिशेब मिटवून टाकल्यासारखं होतं.

पाण्याबद्दल जरा थांबून लिहिते, कारण बेटावरची निम्मी कटकट पाण्याची असते. पत्र्याच्या छपरावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून टाकीत जातं, तेच प्यायचं. कोरड्या महिन्यांत टाकीला बोटानं ठोकून पातळी बघायची सवय लागते. टान्नावर असाल तर यासुर ज्वालामुखीची राख छपरावर बसते. ती टाकीत गेली तर पाणी आंबटसर होतं आणि त्यात फ्लोराइडही उतरतं. राख पडताना पन्हळीचा नळ टाकीपासून काढून ठेवायचा आणि पहिल्या पावसात छप्पर धुऊन निघालं की परत लावायचा. अनिवा हे टान्नाजवळचं सखल प्रवाळाचं बेट, तिथे ओढा नाही. जॉन पेटन या स्कॉटिश मिशनऱ्यानं तिथे विहीर खणायला घेतली तेव्हा लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलं. पाऊस कधी जमिनीतून वर येतो का? गोडं पाणी लागलं, आणि मंडळीच्या इतिहासात ती विहीर पेटनच्या प्रवचनांपेक्षा मोठी होऊन बसली. मला त्यात नवल वाटत नाही. तुमची टाकी गावातल्या टाक्यांपेक्षा मोठी असेल, तर कोरड्या दिवसांत तिची किल्ली कुणाकडे, हा प्रश्न वडिलांसमोर पहिल्याच महिन्यात ठेवा. तहानेच्या वेळी ठेवू नका.

याच पेटनची आधीची गोष्ट मी प्रत्येक जोडप्याला सांगते. १८५८ च्या नोव्हेंबरात तो आणि त्याची बायको मेरी अॅन टान्नाच्या पोर्ट रिझोल्यूशनला उतरले. घर बांधलं ते किनाऱ्यालगत, सखल जागी. फेब्रुवारीत तिला मुलगा झाला, मार्चमध्ये ती तापानं गेली आणि त्याच महिन्यात बाळही गेलं. दोघांना त्यानं आपल्या हातानं पुरलं. रात्री वर, वाऱ्यावर झोपत जा, नाहीतर मरशील, असं एका म्हाताऱ्या गावकऱ्यानं त्याला नंतर सांगितलं. डासांचं आणि हिवतापाचं नातं शास्त्राला कळायला अजून जवळपास चाळीस वर्षं होती, पण कुठे राहिलं की माणूस आजारी पडतो हे गावाला ठाऊक होतं. घर कुठे हवं, कोणत्या वाटेनं जाऊ नये, कोणता किनारा पोहायला वाईट, हे विचारल्याशिवाय ठरवू नका. आणि मच्छरदाणी एकही रात्र चुकवू नका. अनेतियुमनं १९९१ मध्ये औषधं आणि मच्छरदाण्या यांच्या जोरावर हिवताप बेटावरून घालवला, तो गावागावानं अंग मोडून काम केलं म्हणून. देशाच्या उत्तरेकडच्या बेटांवर मात्र तो अजून आहे. दिवस राहिले तर बाळंतपणासाठी बऱ्याच आठवड्यांआधी राजधानी पोर्ट व्हिलाला जाऊन राहायचं. बेटांवरच्या पुष्कळ धावपट्ट्या गवताच्या आहेत आणि तिथे रात्री विमान उतरत नाही.

तुम्ही परिचारिका आहात, म्हणून आणखी थोडं. १८६१ मध्ये व्यापारी जहाजांबरोबर गोवर आला आणि अनेतियुमची जवळपास एक तृतीयांश माणसं गेली. एरोमांगोवर त्याच साथीचा दोष मिशनरी जोडप्यावर आला, आणि मे महिन्यात जॉर्ज आणि एलन गॉर्डन दोघेही मारले गेले. जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. २०१९ मध्ये सामोआत गोवरानं ८३ जणांचा बळी घेतला, बहुतेक लहान मुलं. दोघांच्या लसी पूर्ण करूनच निघा, आणि निघायच्या दिवशी अंगात ताप असेल तर तिकीट जाऊ द्या. गावात गेल्यावर व्हरांड्यात दवाखाना थाटू नका. लोक पहिल्या दिवसापासून जखमा घेऊन येतील आणि तुम्हाला नाही म्हणवणार नाही. पण गावाचा आरोग्यसेवक, एड पोस्ट म्हणजे प्रथमोपचाराची खोली, त्यावरची डिस्पेन्सरी अशी साखळी तिथे आहे. औषधं अपुरी असतात, पगार थोडा असतो, तरी तुम्ही गेल्यावर ती साखळीच राहणार आहे. देशाच्या नियमाप्रमाणे नोंदणी करून घ्या, आठवड्यातले ठरावीक दिवस आरोग्यसेवकाच्या खोलीत त्याच्या शेजारी बसा, आणि गोळी त्याच्या हातून द्या.

यजमानांचं काम त्यांना वाटतं त्यापेक्षा कमी बोलण्याचं असेल. रविवारचं प्रवचन बहुधा पाळक किंवा वडीलच करतील, यांची पाळी कधीमधी. त्यांची खरी गरज असते वडिलांच्या आणि तरुणांच्या अभ्यासवर्गांना, सान्तो बेटावरच्या टालुआ प्रशिक्षण केंद्रात जाऊ इच्छिणाऱ्या मुलांच्या तयारीला, भाषांतराच्या गटाबरोबर बसायला. बिस्लामातलं संपूर्ण पवित्र शास्त्र १९९८ मध्ये निघालं, गावभाषांतलं काम अजून चालूच आहे. उरलेल्या वेळात ते जनरेटर दुरुस्त करतील, शाळेच्या फॉर्मवर सह्या करतील आणि कुणाच्या तरी घराचे वासे उचलतील. कुणी मेलं की सगळं गाव थांबतं. त्या दिवशी वर्ग घ्यायचा आग्रह धरू नये. जाऊन चटईवर बसावं. शोकाचे टप्पे लांबतात, पुष्कळ ठिकाणी शंभराव्या दिवसाच्या जेवणापर्यंत पुरुष दाढी करत नाहीत.

कावाबद्दल, म्हणजे तिथल्या एका झुडपाच्या मुळांपासून केलेल्या गुंगी आणणाऱ्या पेयाबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणार. टान्नावर सूर्य मावळताना पुरुष नाकामालपाशी, म्हणजे गावच्या जमायच्या जागी, जमतात आणि कावा पितात. बायका तिथे जात नाहीत. गावाची पुष्कळ बोलणी तिथेच होतात. जुन्या मिशननं कावा आणि नाच यांच्यावर बंदी घातली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टान्नावर मिशनच्या पाठबळानं न्यायनिवाडे होऊन शिक्षाही झाल्या. १९४१ मध्ये एकाएकी उपासनेला येणारी माणसंच येईनाशी झाली. ती मिशन सोडून जुन्या चालीरीतींकडे परतायला सांगणाऱ्या जॉन फ्रमच्या चळवळीकडे गेली, जी अजून दर १५ फेब्रुवारीला आपला दिवस साजरा करते. तेव्हा यजमानांनी जावं की नाही? ते पाळकांना विचारावं आणि ते सांगतील तसं करावं. एका मंडळीत चालतं, दुसरीत नाही. अॅडव्हेंटिस्ट लोक तर शिवतही नाहीत. माझं मत विचाराल तर जाऊन बसावं, ऐकावं, आणि काळोख पडायच्या आत घरी यावं. आतला विचार कावाचा नाही, घरात एकटी बसलेल्या बायकोचा आहे.

इथून तुमचा तिसरा प्रश्न सुरू होतो.

गाव तुम्हाला जोडपं म्हणून नुसतं ठेवून घेत नाही, नात्यात बसवून घेतं. बहुधा एक कुटुंब यजमानांना मुलगा म्हणेल आणि तुम्ही दुसऱ्या घरची लेक ठराल. हे लाडानं दिलेलं नाव नव्हे. कुणाशी थट्टा करायची, कुणासमोर दबून बोलायचं, कुणाच्या डोक्यावरून हात नेऊन काही घ्यायचं नाही, लग्नात कुणाच्या बाजूनं चटया न्यायच्या, हे सगळं त्यावरून ठरतं. सासरच्या नात्याला तिथे फार अदब आहे. एखाद्या बाळाला तुमचं नाव ठेवलं तर त्याचं देणंघेणं जन्मभराचं असतं, तुम्ही परत आलात तरी. चारचौघांत हातात हात घालून चालू नका. कपड्यांबाबत बायका तुम्हाला स्वतःच शिकवतील. सैल, फुलांचा, झालरी लावलेला आयलंड ड्रेस शिवून देतील. मिशनरी बायकांनी लाज झाकायला म्हणून आणलेला तो झगा आता तिथल्या बायका सणाला अभिमानानं घालतात, आणि मिशनरी बायकांनाच तो नीट शिवता येत नाही.

घराच्या भिंती बांबूच्या विणीच्या. रात्री आवाज चढला तर सकाळी वडिलांची बायको तारो घेऊन येते आणि काही न विचारता तासभर बसते. सुरुवातीला मला ते हेरगिरीसारखं वाटायचं. नंतर कळलं, तिथे नवराबायकोचं भांडण हे दोघांचं खासगी मानत नाहीत, आणि ती बाई आपलं काम करत असते. तुम्हाला एकांत हवा असेल तर तो मागून घ्यावा लागतो. आम्ही आठवड्यातली एक दुपार ठरवली होती आणि पाळकांनीच ती उपासनेत जाहीर केली: आज यांच्याकडे जाऊ नका. लोकांनी पाळली, थोडं हसून. न सांगता दार लावून घेतलं असतं तर कुणीतरी आजारी आहे समजून सगळं गाव दारात जमलं असतं. आणि आपल्या भाषेत गावातल्या माणसाबद्दल बोलून दोघांनी हसायचं नाही. शब्द कळत नाहीत, नाव आणि सूर कळतो.

मोठा ताण कामाच्या मोजणीचा असतो. पाठवणारी संस्था तिमाही अहवाल मागते: किती सभा, किती वर्ग, किती बाप्तिस्मे. त्यात नवऱ्याचं काम दिसतं. चूल, पाणी, दारात येणारी माणसं, बायांच्या संघात चटई विणताना ऐकलेली दुःखं यांना त्यात रकाना नसतो. पेटनची दुसरी बायको मॅगी हिनं अनिवाहून घरी लिहिलेली पत्रं पुढे छापली गेली. घर, मुलं, आजारपणं, जहाजाची वाट, गावातल्या बाया हे सगळं त्यांत आहे. ती पत्रं नसती तर मिशनच्या त्या घरात रोज काय चालायचं हे आपल्याला कळलंच नसतं. तुमच्या बाबतीत मात्र पारडं उलटं झुकायची शक्यता जास्त. तुमच्या दारात पहिल्या दिवसापासून रांग लागेल आणि सेमिनरीतून शिकलेला माणूस सहा महिने मुलांसारखी भाषा शिकत, लाकडं फोडत बसेल. अशा वेळी पुरुष चिडतात ते कधी कावावरून, कधी जेवणावरून. कारण वेगळंच असतं. हे आधीच एकमेकांशी बोलून ठेवा. अहवाल दोघांनी मिळून, एकाच कागदावर लिहा आणि रकाने पुरत नसतील तर मागे लिहा. आमच्या वेळी संस्थेनं दोनदा परत पाठवला. तिसऱ्यांदा रकाने वाढवले.

मूल नसेल तर विचारणा होणार, उघडपणे, बायाच करतील. वाईट हेतू नसतो. तयार उत्तर ठेवा.

चक्रीवादळं नोव्हेंबर ते एप्रिल. मार्च २०१५ मध्ये पाम वादळ आलं तेव्हा टान्नावर पत्र्याची छपरं उडाली, आणि जमिनीला टेकलेल्या बुटक्या, जुन्या पद्धतीच्या घरांत अनेक माणसं वाचली. कुठे आसरा घ्यायचा ते गाव सांगेल, तिथेच जा, आपल्या पक्क्या घराचा मोह धरू नका. खरी परीक्षा नंतर असते: मळे झोपलेले, टाकीत समुद्राचं पाणी, आणि मदतीचं जहाज आलं की कुणाला किती यावरून वाद. वाटपाची यादी तुमच्याकडे देऊ पाहतील, परके म्हणून निःपक्षपाती. घेऊ नका. मुखिया आणि वडील यांनी करायचं ते काम आहे. तुम्ही तांदळाची पोती मोजून द्या.

पैशांचं थोडक्यात: महिन्याचा खर्च कमी असतो, मागण्या जास्त. शाळेच्या फीसाठी मागणारे सर्वांत जास्त, आणि ते खरंच गरजू असतात. व्यक्तीला देऊ नका. मंडळीच्या निधीत, दरवेळी सारखी रक्कम द्या आणि ती कुणाला जाते त्यात पडू नका.

दोन वर्षं थोडी आहेत. पहिलं अर्धं वर्ष भाषेत जातं, शेवटचे काही महिने निरोपाच्या जेवणांत. म्हणून इमारत सुरू करू नका, बालवाडी उघडू नका, तुमच्या नावानं ओळखलं जाईल असं काहीच उघडू नका. जे काम कराल त्यात पहिल्या महिन्यापासून तिथलं माणूस बरोबर असू द्या, तेही पाळकांनी नेमलेलं, तुम्हाला आवडलेलं नव्हे.

आता निघायच्या आधी एवढं करा. संस्थेला न विचारता, थेट त्या पाळकांना दोघांच्या सहीनं पत्र लिहा. बोलावणं कुणी ठरवलं, सत्रातल्या, म्हणजे मंडळीच्या कारभारी सभेतल्या, वडिलांनी की फक्त पाळकांनी, ते विचारा. तुमच्यासाठी ठेवलेलं घर कुणाच्या जमिनीवर आहे आणि त्या घराण्याची संमती आहे का, तेही विचारा. देशाच्या घटनेनुसार सगळी जमीन परंपरेनं ती राखत आलेल्या मूळ घराण्यांची आहे, मिशनच्या जुन्या जागांवरून अजून तंटे आहेत, आणि तुम्हाला नकळत अशा तंट्याच्या मधोमध राहायला जावं लागू नये. तुमच्या आधी कुणी जोडपं तिथे होतं का, ते का परतलं, हेही विचारायला हरकत नाही. उत्तराला वेळ लागेल, कारण ते सगळ्यांना विचारून लिहितील. ते आलं की मला पाठवा, मग सामानाची यादी करू.